वासराएवढा कुत्रा आणि आपली लहान पोरं

मी मालवण तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. रेडिओवर मी बहुतेक वेळा व्याजाचा हिशोब, बँकेचं कर्ज नाहीतर कोकम-काजूच्या विक्रीबद्दल बोलते. आजचा विषय वेगळा आहे. तो माझ्या घरातून आला, मग गटाच्या बैठकीत गेला आणि बैठकीतल्या बायकांनीच सांगितलं की हे एकदा सगळ्यांना ऐकव.

विषय असा, की घरात लहान मुलं असताना खूप मोठा कुत्रा ठेवावा का, आणि ठेवला तर कसा ठेवावा.

आपल्याकडे कुत्रं नवीन नाही. प्रत्येक वाडीत चार-पाच असतात. दत्ताच्या फोटोत पायाशी चार कुत्रे असतात आणि कुडाळजवळच्या माणगावला टेंबे स्वामींच्या गावी जाणारी माणसं कुत्र्याला हाड म्हणताना दहा वेळा विचार करतात. पण आपलं गावठी कुत्रं पंधरा-वीस किलोचं. ते खळ्यात पडून असतं, उरलेला भात खातं, अनोळखी माणूस आला की भुंकतं. आता गेल्या काही वर्षांत चाकरमान्यांबरोबर मुंबई-पुण्याचे कुत्रे गावात यायला लागलेत. ग्रेट डेन, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड. लॉकडाऊनमध्ये हौसेनं आणलेली पिल्लं मोठी झाली, फ्लॅटमध्ये मावेनाशी झाली आणि गावच्या घरी आली. गावात जागा आहे, असं म्हणायचं आणि आणून सोडायचं.

आमच्याकडे असंच झालं. २०२२ च्या गणपतीला माझे धाकटे दीर मुंबईहून आले ते ग्रेट डेन घेऊनच. वय दोन वर्षं, नाव भीम. गाडीतून उतरला तेव्हा सासूबाई देवाची फुलं काढत होत्या. त्या परडी घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कुत्रो हा की रेडो?" सगळे हसले. मीसुद्धा हसले. दिरांची बदली झाली होती, नव्या जागी कुत्रा चालत नव्हता. "वहिनी, चार महिने ठेवा, मग बघू," म्हणाले. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही, मग तो चार पायांचा का असेना.

त्या वेळी माझा मुलगा सात वर्षांचा होता आणि मुलगी अडीच वर्षांची. काजू बी मोजायच्या काट्यावर आम्ही गंमत म्हणून भीमला उभं केलं. अठ्ठावन्न किलो भरला. मुलीचं वजन त्याच महिन्यात अंगणवाडीत झालं होतं, अकरा किलो. म्हणजे माझ्या पाच मुली एका पारड्यात घातल्या तरी कुत्रा तीन किलोनं जास्त. हा हिशोब मी त्या दिवशी करायला हवा होता. मी तो तीन आठवड्यांनी केला.

झालं ते असं. आमच्या गटाची बैठक आमच्याच लोट्यावर होती. पासबुकं पसरली होती, एका बाईच्या हप्त्यावरून बोलणं चाललं होतं. खळ्याच्या कोपऱ्यात भीम तारली-भात खात होता. मुलगी हातात बिस्किट घेऊन त्याच्याकडे गेली. भीम खाता खाता थांबला, ताठ झाला आणि गुरगुरला. सासूबाईंनी केरसुणी घेऊन त्याच्या तोंडावर दोन हाणल्या. तो गप्प झाला. आम्ही म्हटलं, बरं झालं, शिकला.

काय शिकला? तर गुरगुरलं की मार बसतो, हे शिकला. आठ दिवसांनी मुलगी परत त्याच्या ताटलीजवळ गेली. मी आत पेज गाळत होते. "एक मिनिट" म्हणून आत गेले होते. या वेळी तो गुरगुरला नाही. त्यानं सरळ तोंड मारलं. मुलीच्या हाताला कोपराखाली दात लागला. दोन ठिकाणी कातडी फाटली, रक्त आलं. नशीब, हात होता. ती वाकली असती तर तोंड होतं.

पुढची पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. शेजारणी गोळा झाल्या. एकीनं हळद आणली. दुसरी म्हणाली मिरची वाटून लाव, विष उतरतं. तिसरीनं सांगितलं, "पाळलेलो कुत्रो तो, तेच्या दातात काय वीख हा?" आणि मी, जी गटागटात जाऊन आरोग्याच्या गोष्टी सांगते, ती मी दोन क्षण हळदीच्या वाटीकडे बघत राहिले. मग नळाखाली मुलीचा हात धरला. साबण लावत राहिले, पाणी सोडत राहिले, ती किंचाळत राहिली. मोबाइलवर वेळ लावून पंधरा मिनिटं धुतलं. तिथून थेट सरकारी दवाखाना.

ही माहिती आज एवढीच लक्षात ठेवलीत तरी चालेल, म्हणून सावकाश सांगते. कुत्रा चावला, ओरखडला, किंवा उघड्या जखमेला त्यानं चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, मिरची, चुना, तेल, माती, काही लावायचं नाही. जखम घट्ट बांधायची नाही. लगेच डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दंडाच्या कातडीत देतात त्या लसीचे दिवस असे: आजचा दिवस म्हणजे शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दंडाच्या स्नायूत देत असतील तर चौदावा दिवसही असतो. पोटात चौदा सुया वगैरे जुन्या काळची गोष्ट, ती भीती सोडा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध भरावं लागतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते लहान दवाखान्यात नसेल तर तालुक्याला किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील, तेव्हा कंटाळा न करता जा. मूल लहान म्हणून लस अर्धी करत नाहीत. आणि पहिल्या सुईनंतर मूल हसायला-खेळायला लागलं म्हणून पुढच्या सुया चुकवू नका. रेबीज एकदा अंगात उठला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाला होणारा रेबीज शंभरात नव्याण्णव वेळा कुत्र्यापासून येतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांत चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुत्र्याला लस दिलीय का?" मी दिरांना फोन लावला. कार्ड सापडेना. शेवटी सापडलं तेव्हा कळलं, की पिल्लू असताना लस झाली होती, पुढच्या वर्षीची राहून गेली होती. म्हणजे तीन आठवडे आमच्या घरात अठ्ठावन्न किलोचं जनावर होतं आणि त्याची लस चालू आहे की नाही हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. गटातून शेळी घ्यायची तर आपण तिचे दात बघतो, टॅग बघतो, विमा विचारतो. कुत्रा फुकट आला म्हणून काहीच विचारलं नाही.

मुलीच्या सगळ्या सुया झाल्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगितली होती, तो ठणठणीत राहिला. चावणारं कुत्रं दहा दिवस जिवंत आणि निरोगी राहिलं तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असा त्याचा अर्थ. पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते. आधी सुरू करायची, पुढचं डॉक्टर ठरवतील.

घरात मात्र युद्ध पेटलं. सासूबाईंनी सांगून टाकलं, "माजी नात पयली, मगे तुमचो कुत्रो." त्यांचं बरोबर होतं. मुलगा रात्री माझ्या कुशीत येऊन म्हणाला, "आई, तेका खंय धाडू नको." त्याचंही खोटं नव्हतं. भीम त्याच्या मागे शाळेच्या वळणापर्यंत जायचा आणि परत यायचा. नवरा गप्प. दीर फोनवर म्हणाले, "तो तसा नाहीये हो वहिनी." प्रत्येक कुत्र्याचा मालक हेच म्हणतो.

त्या वेळी मी वाचायला, विचारायला लागले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला अर्धा तास दिला. त्यांनी जे समजावलं आणि मी पुढे जे अनुभवलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, आकाराची. ग्रेट डेन पन्नास ते ऐंशी किलोपर्यंत भरतो. चार पायांवर उभा असताना त्याचा खांदा अडीच फुटांच्या वर असतो, म्हणजे अडीच-तीन वर्षांच्या मुलाचं तोंड आणि त्याचं तोंड जवळजवळ समोरासमोर येतं. म्हणून लहान मुलांना चावा बसतो तो बरेचदा चेहऱ्यावर आणि मानेवर. मोठ्या माणसाला पायाला बसतो. कुत्रा रागावलेलाच हवा असं नाही. तो आनंदानं वळला आणि त्याच्या शेपटीचा नुसता फटका बसला तरी मूल लोट्यावरून खाली पडतं.

पण केवळ मोठा तो वाईट, असंही समजू नका. ग्रेट डेन स्वभावानं बहुतेक शांत असतो. उलट पिटबुल उंचीला लहान असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूण-आसगाव भागात पाळलेल्या पिटबुलनं सात वर्षांच्या मुलावर हल्ला केला. आई बरोबर होती, तरी मूल वाचलं नाही. ती बातमी वाचली त्या दिवशी मी माझ्या मुलीचा हात उलटा-सुलटा करून ती खूण परत बघितली. त्याच वर्षी १२ मार्चला केंद्र सरकारनं तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायला राज्यांना पत्र पाठवलं होतं. त्यात पिटबुल होता, रॉटवायलरही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढलं होतं. पुढे २०२५ मध्ये गोवा विधानसभेनं धोकादायक जातींच्या बंदीसाठी आणि नुकसानभरपाईसाठी विधेयक मंजूर केलं. कायदे होतील, बदलतील. आपल्या खळ्यातलं मूल आणि आपल्या खळ्यातला कुत्रा, यांच्यामध्ये मात्र आपणच असतो.

दुसरी गोष्ट, कुत्र्याची भाषा. कुत्रा एकदम चावत नाही. आधी तोंड फिरवतो. ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. अंग ताठ होतं. मग गुरगुरतो. एवढं सांगूनही समोरचा ऐकत नाही, तेव्हा दात लावतो. गुरगुरणं म्हणजे तो आपल्याला सांगतोय, की मला हे नको आहे. त्या वेळी मुलाला शांतपणे उचलून बाजूला न्यायचं. कुत्र्याला मारायचं नाही. आम्ही केरसुणीनं त्याचं सांगणं बंद केलं आणि मग तो न सांगता चावला. गटात मी हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकी म्हणाल्या, "मी जेवताना कोणी ताटाक हात लावल्यान तर मी गप ऱ्हवतलंय?" एवढं सरळ आहे ते.

तिसरी गोष्ट, नियम. आमच्या घरात आता भिंतीवर लिहिलेले आहेत, मुलाच्याच अक्षरात. मोठं माणूस समोर नसेल तर लहान मूल आणि कुत्रा एकत्र नाहीत. एक मिनिटसुद्धा नाही. पेज उतू गेली तर जाऊ दे, आधी मुलीला कडेवर घ्यायचं. कुत्रा खाताना, झोपलेला असताना, आजारी असताना त्याला हात लावायचा नाही. त्याच्या गळ्यात मिठी मारायची नाही, पाठीवर बसायचं नाही, शेपूट-कान ओढायचे नाहीत. घोडा-घोडा खेळतानाचे फोटो मोबाइलवर फार गोड दिसतात, पण त्या फोटोत कुत्र्याचे डोळे बघा. बरेचदा पांढरे दिसतात. त्यानं हाक मारल्यावर यावं, "बस" म्हटल्यावर बसावं, एवढं तरी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं त्यानं ऐकायला हवं. ऐकलं की मच्छीचा तुकडा द्या, काठीची गरज लागत नाही.

आणि मुलांना दोन खेळ शिकवा. अनोळखी किंवा चिडलेला कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, माड व्हायचं. माडासारखं सरळ उभं, हात अंगाला चिकटलेले, नजर खाली, आवाज नाही. आणि खाली पडलो तर कासव व्हायचं. गुडघे पोटाशी, डोकं आत, हातांनी कान आणि मान झाकायची. आपल्या पोरांना माडही माहीत आहे आणि कासवही. आमच्या अंगणवाडीत हा खेळ आता रोज चालतो.

चौथी गोष्ट, जागा. आम्ही चिऱ्याच्या गडग्याला लागून बांबूचं फाटक केलं आणि मांगराच्या बाजूला भीमची वेगळी जागा केली. तिथे तो खातो, तिथे झोपतो आणि तिथे मुलांनी जायचं नाही. दिवसभर साखळीनं बांधून ठेवणं हा उपाय नाही. बांधलेल्या कुत्र्याला दूर जाता येत नाही, म्हणून तो जास्त चिडतो आणि त्याच्या टप्प्यात मूल आलं तर चावतो. रात्री मात्र त्याला उघड्यावर ठेवू नका. बिबटे आपल्या जिल्ह्यात किती गावांत फिरतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. बंद पडवीत किंवा मांगरात घ्या. किनाऱ्यावर फिरवायला नेलंत तर दोरी सोडू नका. तिथे पोरं असतात, पर्यटक असतात, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत वायंगणी, तांबळडेग, तोंडवळीसारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात. मोकळा कुत्रा ती उकरून अंडी खातो.

पाचवी गोष्ट, आरोग्य. कुत्र्याला तीन महिन्यांचा असताना रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी एक. लेप्टोची लसही विचारून घ्या. लेप्टो उंदरांमुळे पसरतो हे आपल्याला शेतीच्या दिवसांत ऐकून पाठ आहे, पण कुत्र्याच्या लघवीतूनही तो येऊ शकतो. तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. कुत्र्याच्या विष्ठेतले जंत मातीत राहतात आणि अनवाणी खेळणाऱ्या, माती तोंडात घालणाऱ्या मुलांना त्रास देतात. म्हणून विष्ठा रोज उचला, मुलांचे हात साबणानं धुवा. गोचीड नखांनी चिरडू नका. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापानं माणसं आजारी पडली, तो ताप गोचिडीमुळेच पसरतो. रानात फिरून आलेल्या कुत्र्याचं अंग तपासून मगच त्याला घरात घ्या. पावसाळ्यात त्याचं अंग कोरडं ठेवा, नाहीतर कातडी सडते. वैशाखात मोठ्या कुत्र्याला उन्हाचा फार त्रास होतो, म्हणून फिरवणं पहाटे आणि संध्याकाळीच.

खाण्याचं सांगते. एवढ्या मोठ्या कुत्र्याला एकदम घमेलंभर खायला देऊन पळवू नका. त्याचं पोट फुगून आतल्या आत पिळा बसतो आणि काही तासांत तो जाऊ शकतो. दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या आणि खाल्ल्यावर तासभर पडू द्या. मच्छी द्या, पण काटे काढून. खारवलेली सुकी मच्छी नको. कांदा, चॉकलेट, द्राक्षं-मनुका हे त्याला विषासारखं आहे.

आता सहावी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी डॉक्टरांनी नाही तर गटानं मला शिकवली.

मुलीला चावल्यानंतरच्या बैठकीत मी सगळं सांगितलं आणि रडले. तेव्हा आमच्या सचिव ताईंनी वही पुढे ओढली आणि म्हणाल्या, "रडा नको. हिशोब मांडूया." त्यांनी पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला काम, दुसऱ्या बाजूला कोण करणार. सकाळी फिरवणं, मी. भात शिजवणं, मी. मच्छीचे काटे काढणं, मी. विष्ठा उचलणं, मी. लसीला नेणं, मी. मुलीवर लक्ष ठेवणं, मी. पान भरलं आणि उजव्या बाजूला एकच नाव. ताई म्हणाल्या, "म्हणजे कुत्रा दिरांचा, हौस पोराची, आणि तू मोलकरीण." कुणी हसलं नाही. कारण प्रत्येकीच्या घरात असं काहीतरी होतं.

ते पान मी घरी नेलं आणि जेवणानंतर नवऱ्यासमोर ठेवलं. मी भांडले नाही. म्हटलं, या यादीतली निम्मी नावं बदलली तर कुत्रा राहील. नाहीतर त्याला चांगलं घर शोधायचं, आणि तेही तुम्ही दोघा भावांनी. नवरा बराच वेळ पानाकडे बघत बसला. मग पेन घेतलं. फिरवणं आणि विष्ठा उचलणं त्यानं स्वतःच्या नावावर घेतलं. दिरांना फोन करून सांगितलं, की औषधाचा आणि खाण्याचा खर्च दर महिन्याला पाठवायचा. मुलाला पाणी भरायचं काम दिलं. तीन महिन्यांची मुदत घातली. तीन महिन्यांत एकदाही मुलीला धोका झाला तर कुत्रा जाणार, यावर सासूबाईंनीही अंगठा नाही, चांगली सही केली.

तीन महिने नीट गेले. मग आणखी तीन. दीर कुत्रा न्यायला काही आले नाहीत, पैसे मात्र पाठवतात. भीम आता पाच वर्षांचा आहे. या जातीचं आयुष्य सात ते दहा वर्षांचं, म्हणजे तो आमच्याकडे आणखी थोडीच वर्षं आहे. मुलगी साडेपाच वर्षांची झाली. ती फाटकाबाहेर उभी राहून त्याला "बस" म्हणते आणि तो डोंगराएवढा प्राणी बसतो. तरी आजही मी त्या दोघांना एकटं सोडत नाही. विश्वास आहे, पण लक्षही आहे.

पण आमच्या शेजारच्या गावातल्या एका गटभगिनीनं उलटा निर्णय घेतला. तिच्याकडेही असाच मोठा कुत्रा आला होता. घरात जुळी बाळं, नवरा मच्छीमारीला समुद्रात, सासरे अंथरुणावर. तिनं स्पष्ट सांगितलं, माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी लहान मुलं नसलेल्या एका बागायतदाराला तो दिला, स्वभाव, लस, सगळं सांगून. लोक तिला म्हणाले, निर्दयी आहेस. मी म्हणते, तिनं कुत्र्याचं आणि बाळांचं दोघांचं भलं केलं. फक्त एक करू नका. नको झालेला कुत्रा रात्री गाडीत घालून तारकर्लीच्या किनाऱ्यावर किंवा घाटात सोडू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि आपल्या कुत्र्याची काळजी न घेतल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी एवढंच. या मे महिन्यात किंवा गणपतीत कुणी तुमच्या खळ्यात मोठा कुत्रा घेऊन उतरलं, तर आधी चहा द्या. मग तीन प्रश्न विचारा. लसीचं कार्ड कुठे आहे? हा लहान मुलांबरोबर कधी राहिलाय का? आणि याचं रोजचं काम कोण करणार? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कुत्रा गाडीतच राहू दे. मी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीच्या हातावर ती खूण अजून आहे, दोन तांदळाएवढी. बांगडी सरकली की दिसते.

तुमच्या गावात लसीकरणाचं शिबिर हवं असेल तर ग्रामपंचायतीत सांगा, पशुसखीला सांगा, पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज द्या. शेजारच्या गोव्यानं गावोगाव कुत्र्यांना लस देऊन २०२१ मध्ये राज्याला रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. बांद्याच्या पलीकडे जे जमलं, ते अलीकडे का जमू नये? पुढच्या बैठकीत पासबुकं मिटल्यावर पाच मिनिटं या विषयाला द्या. आणि उद्या सकाळी आपापल्या पोरांना माड आणि कासव होऊन दाखवायला सांगा.

नमस्कार. येतंय.